घराबाहेरून घरच्या प्रिंटरवर प्रिंट कशी पाठवायची?

घरात बसून फोनवरून प्रिंट द्यायला आता काहीच कष्ट पडत नाहीत. फाइल उघडायची, प्रिंट दाबायचं, यादीत प्रिंटरचं नाव येतं, दोन मिनिटांत कागद हातात. आता त्याच फोनचं वाय-फाय बंद करा आणि मोबाइल डेटा चालू करा. फोन तिथेच आहे, प्रिंटरही तिथेच आहे, दोघंही इंटरनेटला जोडलेले आहेत, तरी यादी रिकामी. मग प्रिंटर बंद-चालू करून बघितला जातो, अ‍ॅप काढून पुन्हा टाकलं जातं. त्याने काहीच फरक पडत नाही, कारण बिघडलेलं काही नसतंच. घरचं नेटवर्क ज्या पद्धतीने बांधलेलं असतं, त्याच पद्धतीने ते वागत असतं.

ही पद्धत समजून घेतली तर पुढचं सगळं सोपं जातं. दूरवरून प्रिंट काढायचे जेवढे म्हणून मार्ग आहेत, ते सगळे एकाच प्रश्नाची वेगवेगळी उत्तरं आहेत: संपर्क कोणी सुरू करायचा, बाहेरून फोनने की आतून प्रिंटरने?

यादीतून नाव का जातं

अडचणी खरं तर दोन आहेत आणि त्यांची नेहमी गल्लत होते. पहिली म्हणजे प्रिंटर सापडणं, दुसरी म्हणजे त्याच्यापर्यंत पोचणं.

फोनला प्रिंटर सापडतो तो कसा? फोन घरच्या नेटवर्कवर सगळ्यांना उद्देशून विचारतो, इथे प्रिंटर कोण आहे? हा प्रश्न २२४.०.०.२५१ या राखीव पत्त्यावर आणि ५३५३ क्रमांकाच्या पोर्टवर (पोर्ट म्हणजे उपकरणाचं क्रमांक दिलेलं दार) जातो. प्रिंटर तो ऐकतो आणि आपलं नाव, पत्ता, रंगीत छापता येतं का, दोन्ही बाजूंनी छापता येतं का, हे सगळं सांगून टाकतो. २०१० मध्ये आलेलं अ‍ॅपलचं एअरप्रिंट याच पद्धतीवर उभं आहे, आणि अँड्रॉइड फोनही वाय-फायवरचा प्रिंटर असाच शोधतो. पण हा प्रश्न फक्त त्या एका नेटवर्कपुरता असतो. राउटर तो पुढे जाऊ देत नाही, आणि जाऊ देत नाही तेच बरं, नाहीतर फोनवरच्या यादीत जगभरचे प्रिंटर गोळा झाले असते.

समजा, प्रिंटरचा पत्ता तुम्हाला आधीच पाठ आहे. तो १९२.१६८.१.२५ असा काहीतरी असतो. हा पत्ता बाहेरून टाकला तरी उपयोग नाही, कारण १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते खासगी वापरासाठी राखून ठेवलेले आहेत. नेमका हाच पत्ता असलेली लाखो उपकरणं लाखो घरांत आहेत. इंटरनेटच्या जुन्या पत्तापद्धतीत, म्हणजे आयपी आवृत्ती ४ मध्ये, एकूण पत्तेच सुमारे ४३० कोटी. प्रत्येक फोन, टीव्ही, प्रिंटर आणि कॅमेऱ्याला वेगळा पत्ता द्यायचा तर ते कधीच पुरले नसते. म्हणून अख्ख्या घराला बाहेर दाखवायला एकच सार्वजनिक पत्ता मिळतो आणि आतली वाटणी राउटर बघतो.

राउटर म्हणजे मोठ्या इमारतीच्या फाटकावरचा पहारेकरी समजा. आतल्या कोणी काही मागवलं असेल तर त्याची नोंद त्याच्याकडे असते, त्यामुळे सामान आलं की कोणत्या मजल्यावर पाठवायचं हे त्याला कळतं. पण कोणी न बोलावता फाटकाशी आला आणि "प्रिंटरला भेटायचंय" म्हणाला, तर त्याला परत पाठवलं जातं. कोण प्रिंटर, कोणाकडचा, याची नोंदच नसते.

अलीकडे याच्यावर आणखी एक थर चढला आहे. पत्ते कमी पडू लागल्यावर बऱ्याच इंटरनेट कंपन्या अनेक ग्राहकांना मिळून एकच सार्वजनिक पत्ता देतात. म्हणजे तुमच्या राउटरच्या पुढे कंपनीचा आणखी एक राउटर. राउटरच्या सेटिंगमध्ये इंटरनेटकडच्या बाजूचा पत्ता दिसतो तो पाहा. तो १००.६४ ते १००.१२७ यांच्या दरम्यान सुरू होत असेल, किंवा "माझा आयपी पत्ता" सांगणाऱ्या संकेतस्थळावर दिसणाऱ्या पत्त्याशी जुळत नसेल, तर तुम्ही अशाच सामायिक पत्त्यामागे आहात. मग घरच्या राउटरमध्ये काहीही उघडा, बाहेरचा माणूस तिथवर येतच नाही.

सगळ्यात आधी सुचवला जाणारा, आणि सगळ्यात वाईट मार्ग

जुन्या मार्गदर्शनात हमखास एक उपाय दिलेला असतो: पोर्ट फॉरवर्डिंग. राउटरला सांगून ठेवायचं की अमुक पोर्टवर बाहेरून जे येईल ते थेट प्रिंटरकडे पाठव. प्रिंटरची तीन पोर्ट प्रसिद्ध आहेत. ५१५ हे जुन्या युनिक्स पद्धतीचं, ६३१ हे आयपीपी या आजच्या पद्धतीचं आणि ९१०० हे कच्च्या छपाईचं. यांतलं एखादं उघडलं, घराचा सार्वजनिक पत्ता लिहून घेतला, की झालं. पत्ता बदलत राहतो म्हणून त्याला कायमचं नाव देणारी डायनॅमिक डीएनएस सेवा जोडायची. तांत्रिकदृष्ट्या हे चालतं.

तरीही करू नका.

९१०० या पोर्टवर नाव विचारलं जात नाही आणि पासवर्डही नाही. जे बाइट येतील ते प्रिंटर मुकाट छापतो. २०१८ च्या नोव्हेंबरअखेर कोणीतरी असे उघडे प्रिंटर शोधून सुमारे ५०,००० प्रिंटरांवर एका यूट्यूब चॅनेलचा प्रचार करणारं पत्रक छापलं होतं. त्यासाठी काही फोडावं लागलं नाही. उघड्या पोर्टांची यादी देणारी शोधयंत्रं आहेतच, तिथून पत्ते घ्यायचे आणि फाइल पाठवायची. वाया गेलेला कागद हे त्यातलं किरकोळ नुकसान. बऱ्याच प्रिंटरना याच पोर्टवरून आज्ञाही देता येतात: पडद्यावरचा मजकूर बदलणं, सेटिंग बदलणं, काही मॉडेलमध्ये आतल्या फाइल वाचणं. घरातल्या फोन-संगणकांना महिन्याला सुधारणा मिळतात, प्रिंटरचं फर्मवेअर, म्हणजे आत बसवलेलं सॉफ्टवेअर, मात्र खोक्यातून निघालं तेच वर्षानुवर्षं चालू असतं. असं उपकरण इंटरनेटवर उघडं ठेवणं म्हणजे घरच्या नेटवर्कमध्ये पाय ठेवायला जागा करून देणं.

तुम्ही स्वतः पोर्ट उघडलं नसेल तरी एकदा बघून घ्या. यूपीएनपी नावाची सोय चालू असेल तर घरातलं एखादं उपकरण परस्पर राउटरला सांगून पोर्ट उघडून घेऊ शकतं. राउटरच्या सेटिंगमध्ये तशी यादी असते. प्रिंटरचं नाव त्यात दिसलं तर काढून टाका, आणि गरज नसेल तर ती सोयच बंद करा.

प्रिंटरनेच बाहेर जोडणी करायची

आतून बाहेर जाणारी जोडणी राउटर अडवत नाही. मग बाहेरच्याने आत यायचं कशाला? प्रिंटरनेच बाहेर एखाद्या सर्व्हरशी जोडणी करावी आणि ती चालू ठेवावी. तुम्ही कुठूनही त्या सर्व्हरकडे फाइल द्यायची, सर्व्हर ती आधीच चालू असलेल्या जोडणीवरून प्रिंटरला देतो. राउटरच्या दृष्टीने हे आतून मागवलेलं सामान, म्हणून ते विनातक्रार आत जातं. सामायिक पत्त्याची अडचणही इथे आड येत नाही. क्लाउड प्रिंटिंग म्हणतात ते एवढंच.

यातली सगळ्यांना माहीत असलेली सेवा गूगल क्लाउड प्रिंट होती. २०१० मध्ये ती आली, आयुष्यभर "बीटा", म्हणजे अजून चाचणीत, ही पाटी मिरवत राहिली आणि ३१ डिसेंबर २०२० ला बंद झाली. तिच्यावर विसंबून घेतलेले प्रिंटर दुसऱ्या दिवशी सुस्थितीत होते, फक्त दूरवरून त्यांच्यापर्यंत पोचायची वाट गेली. आज हे काम प्रिंटर बनवणाऱ्या कंपन्यांच्या स्वतःच्या सेवा करतात, आणि तोच धोका त्यांनाही लागू आहे: सर्व्हर त्यांचा, म्हणून चालू कधीपर्यंत ठेवायचा ही मर्जीही त्यांची.

तरीही बहुतेक घरांसाठी मी हाच मार्ग सांगेन. मांडणी साधारण अशी असते. प्रिंटर वाय-फायला जोडायचा, कंपनीच्या अ‍ॅपमध्ये खातं उघडायचं, प्रिंटर त्या खात्याशी नोंदवायचा आणि दूरवरून छपाईची परवानगी चालू करायची. एचपीच्या अ‍ॅपमध्ये या सोयीला प्रिंट एनीव्हेअर म्हणतात. एपसनमध्ये एपसन कनेक्टखाली दोन वेगळ्या गोष्टी मिळतात: ईमेलने छपाई आणि संगणकासाठी रिमोट प्रिंट ड्रायव्हर (ड्रायव्हर म्हणजे संगणकाला प्रिंटरशी बोलता येईल असं सॉफ्टवेअर). हा ड्रायव्हर टाकला की दूरचा प्रिंटर संगणकावरच्या नेहमीच्या यादीतच दिसतो, म्हणजे रोजच्या सवयी बदलाव्या लागत नाहीत. विकत घेण्याआधी मॉडेलच्या माहितीपत्रकात दूरवरून छपाईचा उल्लेख आहे का ते शोधा. खोक्यावर नुसतं "वायरलेस" लिहिलेलं असेल तर त्याचा अर्थ घरातल्या घरात, एवढाच असतो. आणि "क्लाउड" या शब्दाखाली कधी कधी फक्त क्लाउडवर स्कॅन करायची सोय निघते.

ईमेलने छपाई ही यातली सगळ्यात साधी तऱ्हा. एचपीने २०१० मध्ये ईप्रिंट आणलं तेव्हापासून प्रिंटरला स्वतःचा ईमेल पत्ता असू शकतो हे लोकांना माहीत झालं. त्या पत्त्यावर फाइल जोडून ईमेल पाठवायचं, बस. कोणत्याही फोनवरून होतं, अ‍ॅप लागत नाही, समोरच्या वयस्कर माणसालाही समजावता येतं. कमतरता मात्र बऱ्याच. पानं कोणती, प्रती किती, दोन्ही बाजू की एक, हे सांगायची सोय जेमतेम असते. वर्डची फाइल सर्व्हरवर उघडली जाते, त्यामुळे तिथे तुमचा फॉन्ट नसेल तर देवनागरी मजकूर विस्कटू शकतो. म्हणून नेहमी पीडीएफच पाठवावी. काही वेळा ईमेलमधला मजकूरही वेगळ्या पानावर छापून येतो.

आणि ईमेलचा पत्ता बाहेर फुटला तर जाहिरातीही छापून येतील. त्यासाठी सेवेत सहसा मान्य पाठवणाऱ्यांची यादी असते. ती चालू करून त्यात फक्त आपले पत्ते घालावेत. ही यादी अभेद्य नाही, कारण ईमेलवर पाठवणाऱ्याचं नाव खोटं घालता येतं, पण उडत्या कचऱ्याला ती पुरेशी आहे.

या मार्गाने जाताना कागदपत्र कंपनीच्या सर्व्हरवरून जातं हे लक्षात असू द्या. शाळेचा प्रकल्प, तिकीट, पाककृती यांना काय होणार? पण वैद्यकीय अहवाल, करारपत्र, ओळखपत्राची प्रत असेल तर मी दोनदा विचार करेन. त्याहून जवळचा धोका तर प्रिंटरच्या ट्रेमध्येच असतो: तुम्ही पोचेपर्यंत तो कागद घरी येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांसमोर उघडा पडलेला. प्रिंटरला पिन टाकून छापायची सोय असेल तर ती वापरा. फाइल आत थांबते आणि बटणांवर पिन टाकल्यावरच छापली जाते.

घरचा संगणक चालू असेल तर

दूरवरून घरचा संगणक चालवायचं सॉफ्टवेअर तुम्ही आधीपासून वापरत असाल तर प्रिंटरसाठी वेगळं काही मांडायची गरजच नाही. फाइल घरच्या संगणकावर उघडायची आणि तिथूनच प्रिंट द्यायची. छपाई घरातल्या घरात होते, ड्रायव्हर तिथलाच, सगळे पर्याय हाताशी. प्रिंटर कितीही जुना असो, नुसत्या यूएसबी वायरने जोडलेला असो, चालतो. दिसायला ओबडधोबड असलेला हा मार्ग फारसा कोणी सुचवत नाही, पण महिन्यातून एखादी प्रिंट हवी असेल तर याच्याइतका बिनघोर मार्ग दुसरा नाही. संगणक झोपी जाणार नाही अशी सेटिंग ठेवली म्हणजे झालं.

याचाच भाऊ म्हणजे सामायिक फोल्डर. क्लाउडवरचं एक फोल्डर घरच्या संगणकाशी जुळवून ठेवायचं आणि त्यात नवी पीडीएफ आली की ती छापणारी चार ओळींची स्क्रिप्ट लावायची. छापून झालं की फाइल दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवायला मात्र विसरू नये, नाहीतर संगणक पुन्हा सुरू झाल्यावर सगळा जुना गठ्ठा परत छापला जाईल.

घरी कोणी असेलच तर फाइल त्यांना मेसेजने पाठवून "जरा प्रिंट काढून ठेव" म्हणणं हाही एक उपाय आहे, आणि तो हसण्यावारी नेऊ नये. कागद शेवटी उचलायला माणूस लागतोच.

स्वतःचं खासगी नेटवर्क

आता त्यांच्यासाठी, ज्यांना कंपनीच्या सर्व्हरवर कागदपत्रं नकोत आणि थोडी खटपट करायची तयारी आहे. व्हीपीएनने, म्हणजे आभासी खासगी नेटवर्कने, तुमचा फोन किंवा लॅपटॉप जिथे असेल तिथून घरच्या नेटवर्कमध्ये घेतला जातो. जाणारं-येणारं सगळं कूटबद्ध. प्रिंटरला वाटतं, विचारणारा घरातलाच आहे. पोर्ट उघडायचंच असेल तर ते व्हीपीएनचं. त्यातून किल्लीशिवाय कोणाला आत येता येत नाही.

काही राउटरमध्ये वायरगार्ड किंवा ओपनव्हीपीएन या व्हीपीएनच्या प्रकारांचा सर्व्हर तयार मिळतो. तसा असेल आणि घराला स्वतःचा सार्वजनिक पत्ता असेल, तर तेवढ्यावर भागतं. सामायिक पत्त्यामागे असाल तर टेलस्केलसारखी सेवा बरी पडते. ती आतून वायरगार्डच वापरते, पण दोन्ही टोकांची उपकरणं आतून बाहेर जोडणी करतात आणि मध्यस्थ सर्व्हर त्यांची गाठ घालून देतो. शक्य असेल तेव्हा मजकूर थेट दोघांमध्येच जातो. थेट वाट मिळाली नाही तर मध्यस्थामार्गे जातो, तोही कूटबद्धच.

प्रिंटरवर टेलस्केल टाकता येत नाही. म्हणून घरात सतत चालू राहणारं एक लहानसं यंत्र लागतं: जुना लॅपटॉप, रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा संगणक, किंवा नॅस (नेटवर्कवर फाइल साठवायचं यंत्र) असेल तर तेच. त्यावर टेलस्केल टाकून त्याला सबनेट राउटर करायचं, म्हणजे "माझ्यामागे १९२.१६८.१ ने सुरू होणारं अख्खं नेटवर्क आहे" असं त्याने जाहीर करायचं. ही घोषणा टेलस्केलच्या नियंत्रण पानावर जाऊन मंजूर करावी लागते. ते राहिलं तर सगळं बरोबर दिसतं आणि चालत काहीच नाही. दुसरी राहून जाणारी गोष्ट किल्लीची मुदत. टेलस्केलमध्ये उपकरणाची किल्ली सहसा १८० दिवसांनी संपते आणि पुन्हा लॉगिन मागते. घरातल्या त्या यंत्रापुरती ही मुदत बंद करून ठेवा. नाहीतर सहा महिन्यांनी, तुम्ही परगावी असताना, ते लॉगिनची वाट बघत बसेल.

प्रिंटरचा घरातला पत्ता पक्का करणं हेही इथेच. राउटर पत्ते वाटतो ते तात्पुरते असतात. वीज गेली-आली की प्रिंटरला वेगळाच पत्ता मिळू शकतो. राउटरच्या डीएचसीपी, म्हणजे पत्ते वाटण्याच्या, विभागात त्या प्रिंटरसाठी पत्ता राखून ठेवायची सोय असते. प्रिंटरच्या पडद्यावरून पत्ता हाताने टाकण्यापेक्षा हे बरं, कारण सगळ्या नोंदी एका ठिकाणी राहतात.

आणि एक अशी गोष्ट, जी फारच कमी ठिकाणी सांगितलेली आढळते. असंख्य राउटर कारखान्यातून १९२.१६८.१ किंवा १९२.१६८.० हीच मालिका घेऊन येतात. तुम्ही ज्या हॉटेलच्या वाय-फायवर आहात तिथेही नेमकी तीच मालिका असेल, तर तुमचा लॅपटॉप १९२.१६८.१.२५ हा पत्ता त्या हॉटेलातच शोधेल; घरापर्यंत विनंती जाणारच नाही. म्हणून खासगी नेटवर्क मांडायच्या आधीच घरची मालिका बदलून १९२.१६८.७३ अशी काहीतरी आडवळणाची करून टाका. नंतर बदलायची म्हणजे घरातल्या सगळ्या जोडण्या पुन्हा तपासायच्या.

व्हीपीएन चालू झालं तरी प्रिंटर यादीत आपोआप दिसेल अशी अपेक्षा ठेवू नका. सुरुवातीचा तो "इथे प्रिंटर कोण आहे?" हा प्रश्न टेलस्केल-वायरगार्डमधून जात नाही. पोचण्याची अडचण सुटली, सापडण्याची राहिलीच. त्यामुळे पत्ता हाताने द्यावा लागतो. विंडोजमध्ये प्रिंटर जोडताना टीसीपी/आयपी पत्त्याने जोडायचा पर्याय आहे. मॅकमध्ये प्रिंटर जोडायच्या खिडकीत आयपीचा वेगळा भाग आहे, तिथे आयपीपी किंवा एअरप्रिंट निवडावं. अँड्रॉइडच्या छपाईच्या सेटिंगमध्येही आयपी पत्त्याने प्रिंटर जोडता येतो. आयफोन इथे अडवतो. त्यासाठी एअरप्रिंट प्रिंटरचा पत्ता लिहिलेलं कॉन्फिगरेशन प्रोफाइल बनवून फोनवर टाकावं लागतं. एवढं करण्यापेक्षा आयफोनवाल्यांनी ईमेल किंवा फोल्डरचा मार्ग धरलेला बरा, असं माझं मत.

प्रिंटरला फक्त यूएसबी असेल तर

सतत चालू राहणाऱ्या त्याच लहान यंत्रावर लिनक्स आणि सीयूपीएस हे छपाई सांभाळणारं सॉफ्टवेअर टाकलं की यूएसबीचा जुना प्रिंटरही नेटवर्कवर येतो. मात्र यंत्र विकत घेण्याआधी ड्रायव्हर बघा. अनेक कंपन्या लिनक्ससाठी ड्रायव्हर देतात तो फक्त इंटेल पद्धतीच्या प्रोसेसरसाठी. रास्पबेरी पायचा प्रोसेसर एआरएम पद्धतीचा, तिथे तो चालत नाही. प्रिंटर एअरप्रिंट जाणणारा असेल तर ही कटकटच नाही, त्याला वेगळा ड्रायव्हर लागत नाही. सगळ्यात स्वस्तातले जुने लेझर प्रिंटर मात्र पानाचं चित्र तयार करायचं काम संगणकावरच ढकलतात आणि त्यासाठी कंपनीचाच ड्रायव्हर मागतात.

लिनक्सचं यंत्र अद्ययावत ठेवा. सप्टेंबर २०२४ मध्ये सीयूपीएसच्या बरोबरीने येणाऱ्या एका भागात गंभीर दोष उघडकीला आले: ६३१ पोर्टवर येणाऱ्या कोणाच्याही सांगण्यावर विश्वास ठेवून तो नवा प्रिंटर जोडून घेत असे, आणि त्या खोट्या प्रिंटरवर कोणी काही छापलं की यंत्रावर परक्याची आज्ञा चालवता येई. पोर्ट बाहेर उघडं नसणं किती महत्त्वाचं, हे इथेही दिसतं.

फाइल कोणती पाठवायची

ए-फोर आकाराचं एक पान दर इंचाला ६०० ठिपके या घनतेने मांडलं तर सुमारे ३ कोटी ४८ लाख ठिपके होतात. प्रत्येक ठिपक्याला रंगाचे तीन बाइट धरले तर न दाबलेलं एक पान १०० एमबीच्या वर जातं. मजकुराचं तेच पान पीडीएफमध्ये शंभर-दोनशे केबीत मावतं, कारण त्यात ठिपके नसतात. कोणतं अक्षर कुठे, एवढंच असतं. ठिपके कोण तयार करतो यावर दूरवरच्या छपाईचा वेग ठरतो. तुमच्या लॅपटॉपवरचा ड्रायव्हर ते तयार करणार असेल तर तो सगळा बोजा, दाबून लहान केला तरी, तुमच्या मोबाइल डेटावरून जातो. हॉटेलच्या कुर्मगती वाय-फायवर वीस पानं अडकतात ती याच कारणाने. पीडीएफ घरी पोचवून तिथल्या यंत्राला छापू देणं नेहमीच हलकं पडतं.

घरी कोणी नसताना काय अडतं

नेटवर्कचा सगळा घाट जमल्यावर खरी रड सुरू होते ती कागदाशी. फाइल लेटर या अमेरिकी कागदाच्या आकाराची, ट्रेमध्ये ए-फोर. प्रिंटर पडद्यावर लिहितो, लेटर आकाराचा कागद घाला आणि बटण दाबा. बटण दाबायला घरी कोणी नाही. प्रिंटर थांबतो, त्याच्यामागची प्रत्येक फाइल रांगेत थांबते. प्रिंट का आली नाही म्हणून तुम्ही आणखी दोनदा पाठवता, आणि संध्याकाळी कोणीतरी बटण दाबलं की तिन्ही प्रती बाहेर पडतात. यावर उपाय प्रिंटरच्या सेटिंगमध्ये असतो: कागदाच्या आकारातला फरक दुर्लक्षित करा, किंवा पानाला बसवून छापा. हाताने कागद उलटावा लागणारी दोन्ही बाजूंची छपाईही दूरवरून कधी देऊ नये. तीही पहिल्या बाजूनंतर माणसाची वाट बघते.

झोप आणि आपोआप बंद होणं यांत फरक आहे. झोपलेला प्रिंटर नेटवर्कवर हजर असतो आणि फाइल आली की जागा होतो. आपोआप बंद होण्याची सेटिंग चालू असेल तर काही तासांनी तो पुरताच बंद होतो, मग त्याला उठवणारं कोणी नाही. ती सेटिंग शोधून बंद करा. वीज जाऊन आल्यावर प्रिंटर आपण होऊन चालू होतो का, तेही एकदा प्लग काढून बघा. बरेच प्रिंटर होत नाहीत.

शाईबद्दल एवढंच की क्वचित वापरल्या जाणाऱ्या प्रिंटरसाठी इंकजेट वाईट. छिद्रांत शाई वाळते आणि नेमक्या गरजेच्या दिवशी पानावर पांढऱ्या रेघा उमटतात. दूरवरच्या छपाईसाठीच प्रिंटर घेणार असाल तर काळा-पांढरा लेझर घ्या. टोनर म्हणजे भुकटी, ती वाळत नाही.

मांडणी पूर्ण झाली की ती घरातच, पण वाय-फाय बंद करून मोबाइल डेटावरून तपासा. वाय-फाय चालू ठेवून केलेल्या चाचणीला अर्थ नाही, कारण फोन गुपचूप घरचीच वाट धरतो. एक पान छापून आलं की प्रिंटर तीन-चार तास तसाच सोडून द्या आणि मग दुसरं पान पाठवा. पहिलं आलं आणि दुसरं नाही, तर दोष बहुधा झोपेच्या किंवा आपोआप बंद होण्याच्या सेटिंगमध्ये आहे. मग राउटर पूर्ण बंद करून चालू करा आणि तिसरं पाठवा. तेही आलं तर पत्ता राखून ठेवलेला आहे आणि जोडणी आपली आपण परत उभी राहते. व्हीपीएनचा मार्ग धरला असेल तर प्रिंटरचा पत्ता ब्राउझरमध्ये टाकून बघा. प्रिंटरचं स्वतःचं पान उघडतं, त्यावर शाई किती उरली, कागद अडकलाय का, हे कळतं. याच पानावर प्रिंटरचा मूळ पासवर्ड बदलायची जागा आहे, तो तेव्हाच बदलून घ्या.